वाचेल तो मोकळा

शुक्रवार, २२ ऑगस्ट

मंजूर झाली एकदाची. सही करताना मोठ्या बाईंचं पेन चालेना, म्हणून त्यांनी माझं घेतलं आणि परत द्यायला विसरल्या. मुख्याध्यापिकेकडे पेन कसं मागायचं? जाऊ दे.

विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून माझ्या हातून झालेली ही पहिली गोष्ट. ताई तीन वर्षांपूर्वी अध्यक्ष होती. तिने मैदानाच्या कडेने झाडं लावून घेतली आणि ती जगलीसुद्धा. अजून शिक्षक मला जिन्यात अडवून विचारतात, तू तिचीच बहीण ना? मी हो म्हणते. मग ते झाडांकडे बघतात.

माझी योजना अशी. पाचवीतली जी मुलं वाचनात मागे आहेत त्यांना दहावीतल्या स्वयंसेवकांनी दर गुरुवारी शाळा सुटल्यावर वाचायला शिकवायचं. एका मोठ्याकडे एक लहान. जुन्या प्रयोगशाळेची खोली मिळाली आहे. कसोटीसाठी एक पान ठरवलं आहे. जो ते न अडखळता वाचेल त्याला निळी फीत, आणि वाचनतासातून सुटका. 'वाचेल तो मोकळा' हे घोषवाक्य माझं. शाळा सुटल्यावर थांबायचा कोणाला कंटाळा नसतो? त्यामुळे सुटका हेच सगळ्यात मोठं बक्षीस. हे मला सुचलं याचा मला थोडा अभिमान वाटतो. थोडा नाही, बराच.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पहिला दिवस. खोलीची किल्ली शिपाईकाकांकडे नाही, प्रयोगशाळेच्या सरांकडे नाही, मग कळलं की टेबल टेनिसच्या कप्तानाकडे आहे, कारण त्यालाही ती खोली हवी आहे. तो म्हणाला, "तुमचं ते बाराखडीचं आटपलं की सांगा. आमचं टेबल येऊन पडलंय." मी म्हटलं, वर्षभर चालणार आहे. तो हसला. मला त्याचं हसणं आवडत नाही.

माझ्या वाट्याला एक मुलगी आली आहे. इतकी लहान की बाकावर बसल्यावर पाय हवेत. तिला वर्गात मुंगी म्हणतात आणि तिला ते आवडतं, कारण मुंगीला कोणी उचलून बाजूला ठेवत नाही, असं तिचं म्हणणं. मला ती 'अध्यक्षताई' म्हणते. मी सांगितलं, नुसतं ताई म्हण. ती म्हणाली, "नुसत्या ताया खूप असतात."

तिला खरंच काही येत नाही. दोन ओळींत पाच ठिकाणी अडली. बिस्कीट काढून त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. मी कामाच्या वेळी खात नाही, असं सांगून परत केला. शिस्त सुरुवातीलाच लावलेली बरी.

सोमवार, १ सप्टेंबर

मंडळाची सभा. विषय एक: स्वयंसेवकांनी वेळेवर येणे. यावर मधली सुट्टी गेली. चिटणीस म्हणाली, वेळेवर म्हणजे घंटा झाल्यावर की घंटा होताना? क्रीडाप्रमुख म्हणाला, आधी बिल्ले द्या, मग वेळेवर येऊ. उपाध्यक्ष शेवटपर्यंत काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "हा विषय तहकूब ठेवू या," आणि डबा उघडला. प्रत्येक सभेत तो एवढंच बोलतो. म्हणूनच सगळी शाळा त्याला तहकूब म्हणते. लोकांनी याला निवडून का दिलं, हे मला कळलेलं नाही. मला अध्यक्षपदाला पडली त्यापेक्षा जास्त मतं त्याला उपाध्यक्षपदाला पडली होती.

डबा मी हल्ली मंडळाच्या खोलीतच खाते. काम असतं. माझ्या पूर्वीच्या तिघी मैत्रिणी खालीच, नळाजवळच्या कट्ट्यावर बसतात. परवा त्यांनी हाक मारली होती, मी हातानेच नंतर म्हटलं. आज मारली नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मुंगीची प्रगती शून्य. पण एक गोष्ट चांगली, तिचं लक्ष असतं. मी गोष्ट वाचून दाखवते तेव्हा ती पान उलटते, आणि बरोबर वेळेला उलटते, माझा शेवटचा शब्द संपता संपता. माझ्या आवाजावरून ओळखत असावी. म्हणजे मूळची हुशार आहे, फक्त अक्षरांशी जमत नाही.

गोष्टीतला उंट नदी ओलांडतो तिथे तिने थांबवलं. "अध्यक्षताई, उंटाला पोहता येतं का?" मी म्हटलं, माहीत नाही, पुढे बघ. "मग त्याने आधी विचारायला नको कोणाला?" यावर आम्ही बराच वेळ बोललो. नंतर घड्याळ बघितलं आणि माझाच मला राग आला. तास असा उंटांवर घालवायचा नसतो.

तिची आई धुलाईकेंद्रात काम करते आणि उशिरा सुटते. तोवर मुंगी मागच्या जिन्यावर बसून असते. म्हटलं, मग जिन्यावर वाच ना. म्हणाली, "जिन्यावर कोण ऐकणार?"

तहकूब त्याच्या मुलाला शिकवतच नाही. गोल चेहऱ्याचा मुलगा आहे, त्याला त्याने भोपळा नाव ठेवलंय. फळ्यावर तहकूब माणसं काढतो, त्यांच्या तोंडी काहीतरी लिहितो, आणि भोपळा खदखदा हसतो. तहकूबने वाचून दाखवायच्या आधीच हसतो. चित्रंच तशी असतात म्हणा. मी म्हटलं, आवाज कमी. तहकूब म्हणाला, "होय, अध्यक्ष." भोपळाही म्हणाला, "होय, अध्यक्ष."

रविवार, १४ सप्टेंबर

आई म्हणाली, "दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवतेस ते ठीक. तुझं विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं मी अजून बघितलेलं नाही." बाबा इस्त्री करत होते. म्हणाले, "अगं, अध्यक्ष आहे ती. अध्यक्षांची पुस्तकं दुसरे उघडतात." दोघं हसले. मी हसले नाही.

संध्याकाळी ताईचा वसतिगृहातून फोन. मी सगळं सांगितलं. इतके गुरुवार गेले आणि एकही मूल कसोटीला उभं राहत नाही. ताई ऐकून घेऊन म्हणाली, "तुला मी सायकल शिकवली ते आठवतं?" म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? "मी मागून धरून पळायचे. पुरा महिना. सोडू का म्हटलं की तू ओरडायचीस." म्हटलं, सातवीतच तर होते, पडायची भीती वाटायची. ताई म्हणाली, "तुला दुसऱ्याच दिवशी येत होती गं. मला कळत होतं." आणि फोन ठेवला, जेवणाची घंटा झाली म्हणून.

माणूस मदत मागायला जातो आणि ही आपल्या आठवणी काढत बसते. अध्यक्ष असताना हिने नक्की काय केलं असेल? झाडं आपोआप वाढतात.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज पहिली कसोटी घेतली. एकही नाही. एकही मूल पास नाही.

मी समोर खुर्ची टाकून बसले होते, फिती टेबलावर मांडल्या होत्या. एकेक मूल यायचं, पहिली ओळ वाचायचं आणि दुसऱ्या ओळीत अडायचं. सगळी दुसऱ्याच ओळीत. म्हणजे पान निवडण्यातच माझं चुकलं असणार. दुसरी ओळ अवघड आहे. पण तिच्यात आहे काय? घर, दार, अंगण आणि मांजर. मुंगी 'मांजर'पाशी थांबली, वर छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "नाही येत." मी म्हटलं, प्रयत्न कर. म्हणाली, "पुढच्या गुरुवारी करते."

दोन स्वयंसेवकांनी राजीनामे दिले. एक म्हणाली, तिच्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही. ती हे त्याच्यासमोरच म्हणाली आणि तो खुशाल पायाने बाक वाजवत होता.

मी तहकूबला बाजूला घेऊन म्हटलं, तुझा भोपळा तरी पास व्हायला हवा होता, त्याला निदान चित्रांवरून काही कळतं. तो म्हणाला, "पास करायची एवढी घाई कशाला?" मी म्हटलं, कारण योजना त्यासाठीच आहे. त्याने खडू खिशात टाकला. "बरं," म्हणाला. "तहकूब ठेवू." आळशी माणसाचा मला इतका राग येतो की दात दुखतात.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. माझं पेन त्यांच्या टेबलावर होतं. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "तुझा हेतू चांगला आहे. पण खोली अडकून राहिली आहे आणि मुलं आहेत तिथेच आहेत. सोळा ऑक्टोबरला मी स्वतः येते. काही फरक दिसला तर बघू. नाही दिसला तर खोली खेळाला देऊन टाकू." मग म्हणाल्या, "तुझ्या बहिणीने झाडांसाठी किती धावपळ केली होती."

जिन्यात कप्तान उभा होता, हातात बॅट. त्याने नुसतीच बॅट फिरवली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून तास आज घेतला. खोलीच्या दारावर कप्तानाने कागद चिकटवला होता: 'या खोलीत लवकरच टेबल टेनिस सुरू होत आहे. नावे द्यावीत.' मी तो फाडला, पण मला यायला उशीर झाला होता, मुलं आधीच आत गेली होती. मुंगीने विचारलं, "आपली खोली जाणार?" म्हटलं, तुला कोणी सांगितलं? ती खिडकीबाहेर बघायला लागली. शाळेत अफवा किती पटकन पसरतात. पाचवीपर्यंत पोहोचली म्हणजे कमालच.

आज ती काहीच बोलली नाही. उंटही नाही, बिस्कीटही नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट का वाटावं हे कळलं नाही, कारण त्यामुळे काम जास्त झालं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

आज मुंगीवर ओरडले. सकाळी गणिताच्या चाचणीत माझी दांडी उडाली. मग मधल्या सुट्टीत कट्ट्यावर गेले तर तिघी बोलता बोलता थांबल्या. एकीने विचारलं, "काही काम होतं का?" काम नव्हतं. म्हटलं, नाही, सहज. मग मीच सूचनाफलक बघायचा आहे असं काहीतरी बोलून निघून आले.

दुपारी मुंगी पुन्हा मांजरापाशी थांबली. पुन्हा 'नाही येत'. मी पुस्तक आपटलं. म्हटलं, मांजर येत नाही? रोज बघतेस ना मांजर? पुढच्या गुरुवारी बाई येणार आहेत, तुझं हे असंच चाललं तर सगळी शाळा मला हसेल, आधीच हसते आहे, ताईची झाडं आणि हिची माकडं असं म्हणतील. आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. बोलताना माझाच आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आलं. खोलीतले सगळे बघत होते. तहकूबच्या हातातला खडूसुद्धा थांबला होता.

मुंगी रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने विचारलं, "तुला हसतात?"

मी म्हटलं, हो.

"आमच्यामुळे?"

तिने पुस्तक उचललं, त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला, आणि माझ्यासमोर ठेवलं. घंटा झाली. बाहेर पडताना ती भोपळ्याच्या कानात काहीतरी सांगत होती.

उद्या तिची माफी मागायची. वर्गात जाऊन मागावी की बाहेर बोलावून?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मागितली नाही. दारापर्यंत गेले होते. त्यांचा चित्रकलेचा तास चालू होता.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. कप्तान दाराला टेकून उभा, कारण टेबलाचं माप घ्यायचं होतं म्हणे. पहिलं नाव मुंगीचं आलं.

ती उभी राहिली, पान हातात घेतलं आणि वाचलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, घर, दार, अंगण, मांजर, सगळं. स्वल्पविरामाला थांबली. प्रश्नचिन्हाला आवाज वर नेला. मी गोष्ट वाचताना जसा नेते तसाच. पान संपलं तर तिने उलटून मागचंही वाचलं, जे कसोटीत नव्हतंच. बाई हसून म्हणाल्या, पुरे, पुरे. मुंगी वाचताना मधूनमधून मान वर करत होती. बाईंकडे नाही. माझ्याकडे.

मग भोपळा आला. त्याने पान हातात धरलं नाही, जवळजवळ पाठच म्हटलं, वर एका शब्दाला गंमत म्हणून तहकूबसारखा आवाज काढला. मग तिसरा. मग बाक वाजवणारा तो मुलगा, ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही. एकेक करून सगळे. फिती संपल्या. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पंधरा दिवसांत एवढा फरक? काय केलंस तरी काय?"

मला सांगता आलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

सगळे गेल्यावर तहकूब फळा पुसत होता. मी म्हटलं, हे कसं झालं? तो वळला. "तुला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"त्यांना कधीचं येतंय. भोपळ्याला तर महिन्याभरापूर्वीच यायला लागलं." त्याने हात झटकले. "तू नियम काय केलास? वाचेल तो मोकळा. अगं, कोणाला मोकळं व्हायचंय? घरी गेलं तर कुलूप, नाहीतर जिना. इथे एक अख्खा मोठा माणूस आपल्या एकट्याच्या शेजारी बसतो. वाचलं की तो जाणार. तू असतीस तर वाचलं असतंस?"

"मग आज का वाचलं?"

"मुंगीने सगळ्यांना सांगितलं. अध्यक्षताईला हसतात म्हणून."

मी विचारलं, मग तू मला आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू नियम बदलला असतास, का कसोटी अवघड केली असतीस?"

मी खूप वेळ विचार केला. अजून करते आहे. उत्तर मला आवडत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. कट्ट्यावरच्या तिघींनीही वाजवल्या. ताईचं नाव निघालं नाही, एकदाही नाही. या क्षणाची मी जूनपासून वाट बघत होते. तो असा होता: ऊन डोळ्यांवर येत होतं आणि मी पाचवीच्या रांगेत मुंगी कुठे दिसते का ते शोधत होते. ती इतकी बुटकी आहे की दिसली नाही.

मग बाई म्हणाल्या, उद्देश सफल झाल्यामुळे वाचनतास बंद करण्यात येत आहे.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, तास चालू ठेवू या. त्या म्हणाल्या, "कोणासाठी? सगळ्यांना तर येतं." म्हटलं, त्याच मुलांसाठी. "येतंय त्यांना शिकवायचं काय?" मी म्हटलं, शिकवायचं नाही, नुसतं बसायचं. हे बोलल्यावर मलाच ते किती पोकळ वाटलं. बाई समजुतीने हसल्या. "यश मिळालं की थांबता यायला हवं. नियम तुझाच आहे ना? वाचेल तो मोकळा. छान आहे." आणि माझं पेन मला परत दिलं.

मंडळाची सभा बोलावली. विषय मांडला. चिटणीस म्हणाली, बाईंच्या विरोधात ठराव कसा करायचा? क्रीडाप्रमुख म्हणाला, टेबल छान आहे, हिरवं. तहकूब आज तहकूब म्हणाला नाही. तो म्हणाला, "मतदान घेऊ." बाजूने आमची दोघांचीच मतं पडली. हरलो.

सोमवार, २० ऑक्टोबर

ताईला फोन केला. म्हटलं, सायकल. ती म्हणाली, "कळलं का?" म्हटलं, येत होतं हे तुला माहीत होतं, मग महिनाभर का पळलीस? ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी वसतिगृहात जाणार होते की." मग तिने विचारलं, झाडांना पाणी घालतं का कोणी? म्हटलं, बघते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

शाळा सुटली आणि पाय सवयीने जुन्या प्रयोगशाळेकडे वळले. आतून टकटक, टकटक. दाराला नवीन कागद. हा फाडला नाही.

मागच्या जिन्याने उतरले. तिथून जायचं कारण नव्हतं, तो माझ्या घराच्या उलट बाजूला आहे. खालच्या पायरीवर तहकूब आणि भोपळा बसले होते, फरशीवर खडूने माणसं काढत. तहकूबने वर बघितलं आणि नुसता सरकला, मला जाता यावं म्हणून. मधल्या पायरीवर मुंगी. मांडीवर पुस्तक, फ्रॉकवर निळी फीत, शेजारी दप्तर.

मी तिच्याजवळ उभी राहिले. सगळी माफी पाठ केली होती. सुरुवात केली, "मुंगी, त्या दिवशी मी..."

"अध्यक्षताई," ती म्हणाली, "एक शब्द अडलाय."

तिने पुस्तक माझ्याकडे केलं आणि बोट ठेवलं. उंटाचीच गोष्ट. उंट नदीकाठी उभा होता, आणि बोट होतं 'आणि' या शब्दावर.

मी शब्दाकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती छताकडे बघायला गेली, पण जिन्याला छत नाही, म्हणून आभाळाकडे बघत राहिली.

"हा अवघड आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मागचं सगळं परत वाचायला लागेल. पुढचंही."

"वेळ लागेल?"

"बराच. एका गुरुवारात होणार नाही."

तिने शेजारचं दप्तर उचलून पलीकडे ठेवलं. मी बसले. तिने बिस्कीट काढलं, त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे धरला. मी घेतला.